साहेबाचे ओटे आणि अणूची फोड

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)



'अणूच्या कल्पनेचा विकास' असा विषय मला दिलेला आहे. या विषयावरचं भाषण साधारणपणे कणादापासून सुरू होतं. मग ग्रीसमधला डेमोक्रिटस येतो, मग डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी नावं ओळीने येतात, आणि तासाभराने श्रोते घरी जातात. तुमच्यातल्या शिक्षक मंडळींनी हे वर्गात कितीदा तरी शिकवलं असेल. आज मी थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहे. ही वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. त्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, कोणी 'साहेबाचा कट्टा' म्हणतं. तिथून निघायचं आणि अणूच्या गाभ्यापर्यंत जायचं, असा बेत आहे.

ओट्यांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. नॉर्मन लॉकयर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गावर आला, त्याने ओट्यावर दुर्बीण ठेवली, सूर्याकडे पाहिलं आणि त्याला हेलियम सापडला. म्हणून १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. शाळेची मुलं येतात, त्यांना हीच गोष्ट सांगितली जाते.

या गोष्टीतलं ग्रहण खरं आहे. लॉकयर खरा, ओटे खरे, हेलियमही खरा. पण १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर विजयदुर्गावर नव्हता, तो इंग्लंडात होता. विजयदुर्गावर तो आला तीस वर्षांनी, १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्याच एका ग्रहणासाठी. आपण काय केलं, तर दोन ग्रहणांचं एक ग्रहण करून टाकलं.

आता कोणी म्हणेल, चला, म्हणजे आपल्या किल्ल्याचा मान गेला. माझं म्हणणं उलट आहे. खरी तारीख धरली तर विजयदुर्गाचा मान वाढतो. कारण १८९८ साली लॉकयर जे शोधत होता ते एका वायूपेक्षा फार मोठं होतं. अणू फुटतो की नाही, हा तो प्रश्न. ते कसं, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

शिरोड्याचं मीठ आणि सूर्याचा प्रकाश

१८०८ साली जॉन डाल्टनने आपलं पुस्तक छापायला सुरुवात केली. त्यात त्याने मांडलं ते थोडक्यात असं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू असतात, एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे, दुसऱ्याचे वेगळे, आणि रासायनिक क्रियेत अणू घडत नाहीत की मोडत नाहीत, फक्त एकमेकांना जोडले जातात आणि सुटतात. डाल्टनने एक नवं काम केलं. त्याने अणूंना वजनं दिली. हायड्रोजनला एक धरायचं आणि बाकीच्यांची तुलना करायची. त्याची बरीच वजनं पुढे बदलली, पण रीत टिकली. आणि त्याबरोबर एक श्रद्धाही टिकली की अणू हा शेवटचा तुकडा, त्याच्या पुढे फोड नाही.

आता दुसरी गोष्ट. शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ आपल्या सगळ्यांना माहीत आहे, १९३० च्या सत्याग्रहामुळे तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत झालं. त्या मिठाची चिमूट चुलीत टाकून बघा. ज्वाळ एकदम पिवळी होते. हा पिवळेपणा मिठातल्या सोडियमचा. तो प्रकाश काचेच्या लोलकातून नेला तर सात रंगांचा सलग पट्टा दिसत नाही. ठरावीक जागी पिवळ्या रेषा दिसतात, दोन रेषा, अगदी शेजारी शेजारी. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. १८५९-६० मध्ये जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. एकाचा ठसा दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्याआधी १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा मोजल्या होत्या. त्या का असतात ते कोणाला कळत नव्हतं. किर्खहोफने सांगितलं, बाबांनो, हे तेच ठसे आहेत. सूर्याभोवतीच्या वायूंनी आपापल्या जागेचा प्रकाश गिळला, म्हणून तिथे काळं दिसतं. त्या दिवसापासून सूर्य हा प्रयोगशाळेत तपासायचा पदार्थ झाला. हात लावायची गरज नाही, प्रकाश मिळाला की पुरे.

१८६८: पिवळी रेषा कोणी पाहिली?

१८ ऑगस्ट १८६८. श्रावणातली अमावास्या, आपली पिठोरी. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा झालेला, आभाळ पावसाळी. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणला समुद्रात उतरला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता, हे खरंच आहे. खग्रास स्थिती पाच मिनिटांच्या वर होती, म्हणजे शास्त्रज्ञांच्या हिशेबाने चैनच. शिवाय लोलक लावून खग्रास सूर्याकडे पाहायची ही पहिली मोठी संधी.

विजयदुर्गाहून जवळपास सरळ पूर्वेला, दोनशेएक किलोमीटरवर जमखंडी आहे. तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या कडेवरची ज्वाला दिसली आणि तिच्यात तीन ठळक रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा सोडियमच्या डी रेषांपाशी होती. तेव्हा ती पाहणाऱ्यांना साहजिकच सोडियमची वाटली. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. त्याला रेषा इतक्या झगझगीत दिसल्या की त्याच्या मनात आलं, याला ग्रहण कशाला हवं? आणि दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर उजेडात त्याने त्या पुन्हा पाहिल्या. युक्ती साधी आहे. आकाशाचा उजेड लोलकाने पसरला की फिका पडतो, पण ज्वालेचा प्रकाश मुळातच दोन-चार रेषांत कोंडलेला असतो, तो पसरून फिका पडत नाही.

हीच युक्ती इंग्लंडात लॉकयरला स्वतंत्रपणे सुचली होती. तो तेव्हा युद्धखात्यात कारकून होता, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा नाद. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर, त्याने घरच्या दुर्बिणीतून सौरज्वालांचे वर्णपट पाहिले. त्याची आणि जान्सेनची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून दोघांचाही मान झाला.

म्हणजे १८६८ ला एका माणसाने एका दिवशी एका ठिकाणी हेलियम शोधला, असं काही घडलं नाही. रेषा अनेकांनी पाहिली. ती सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी आहे पण त्या जागी नाही, हे नीट मोजून पटायला वेळ लागला. मग तिला डी-३ म्हणू लागले. लॉकयरने रसायनतज्ज्ञ फ्रँकलंडबरोबर प्रयोगशाळेत खटपट केली, पृथ्वीवरच्या कुठल्याच वायूत ती रेषा मिळेना. तेव्हा हे सूर्यातलं नवं मूलद्रव्य असावं असं तो म्हणू लागला, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पडलं.

रसायनशास्त्रज्ञ काय म्हणाले असतील? एक रेषा दाखवायची आणि मूलद्रव्य सापडलं म्हणायचं! बाटलीत दाखवा. लॉकयरला ते दाखवता आलं नाही. सत्तावीस वर्षं हेलियम हा असा नावापुरता राहिला. १८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅम्झेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातलं. तो आर्गॉन शोधत होता. निघालेल्या वायूत एक पिवळी रेषा दिसली, पण सोडियमची नव्हे. विल्यम क्रुक्सने मोजून सांगितलं, ही तीच सूर्यातली डी-३. हेलियम जमिनीवर सापडला, आणि सापडला कुठे, तर युरेनियमच्या पोटात. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

लॉकयरचा हट्ट

इथपर्यंतचा लॉकयर पुस्तकांत सापडतो. पण त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, आणि विजयदुर्ग कळायचा तर तीच महत्त्वाची.

१८७० नंतर लॉकयरच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. एकाच मूलद्रव्याच्या रेषा सगळ्या ठिकाणी सारख्या नसतात. लोखंड घ्या. भट्टीच्या तापमानात एका जातीच्या रेषा ठळक, विजेच्या कमानीत दुसऱ्या, आणि विजेच्या जोरदार ठिणगीत तर काही वेगळ्याच रेषा बळावतात. त्या ठिणगीत बळावणाऱ्या रेषांना त्याने 'वर्धित रेषा' म्हटलं. तेच सूर्यावर आणि ताऱ्यांवर. जितकं तापमान जास्त, तितका ठसा बदललेला.

आता विचार करा. ठसा जर अणूचा असेल आणि अणू जर अभंग असेल, तर ठसा बदलतो कसा? लॉकयरचं उत्तर सरळ होतं: प्रचंड उष्णतेत अणू मोडतो, त्याचे आणखी साधे घटक होतात. आपल्याकडे वितळवलं की धातूचा रस होतो, तसं ताऱ्यावर खुद्द मूलद्रव्याचं होतं. १८७८ ला त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं, १८८७ च्या पुस्तकात पुन्हा मांडलं. रसायनशास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही. त्यांच्या तराजूला अणू फुटलेला कधी दिसला नव्हता. नमुन्यात भेसळ असेल, मोजमाप चुकलं असेल, अशा शंका घेतल्या गेल्या. काही शंका रास्तही होत्या. लॉकयर मागे हटला नाही.

आणि मग १८९७ उजाडलं. ३० एप्रिल १८९७ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जे. जे. थॉमसनने व्याख्यान दिलं. ऋणकिरण हे अणूपेक्षा कितीतरी हलक्या कणांचे बनलेले आहेत, असं तो सांगत होता. ज्याला आपण आज इलेक्ट्रॉन म्हणतो तो हा. ऐकणाऱ्यांना धक्का बसणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने आधार दिले: मूलद्रव्यं ही एखाद्या मूळ द्रव्याची बनली असावीत असं म्हणणारे लोक याआधी झालेत. एक प्राउट, आणि दुसरं नाव त्याने घेतलं ते लॉकयरचं.

थॉमसनचं हे व्याख्यान होऊन नऊ महिने होतात न होतात, तोच एकसष्ट वर्षांचा सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाच्या तटात मुक्काम ठोकून बसला होता.

२२ जानेवारी १८९८

तेव्हाचा काळही डोळ्यांपुढे आणा. मुंबई-पुण्यात प्लेगचा कहर. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेलेली, टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात. अशा दिवसांत पौषातल्या अमावास्येला, २२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास ग्रहणाचा पट्टा पुन्हा आपल्या किनाऱ्यावरून आत गेला. हवा कोरडी, आभाळ निरभ्र असण्याचा महिना, म्हणून देशोदेशीचे लोक आले. सोलापूर भागात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी आपली वेधशाळाच नेली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेलही जेऊरलाच होता. आणि विजयदुर्गावर लॉकयर.

लॉकयरबरोबर त्याचा सहकारी आल्फ्रेड फाउलर होता, कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर आले होते. 'मेल्पोमिनी' या आरमारी जहाजाचा कप्तान चिशम-बॅटन आणि जहाजावरचे खलाशी मदतीला होते. ज्या किल्ल्यावर आंग्र्यांचं आणि धुळपांचं आरमार नांदलं, त्या किल्ल्यात इंग्रज आरमाराचे खलाशी लोलक आणि कॅमेरे हाताळायचा सराव करत होते. कारण खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. कोणी घड्याळाचे सेकंद मोठ्याने मोजायचे, कोणी काच सरकवायची, कोणी झाकण काढायचं, हे सगळं कवायतीसारखं पाठ हवं. आणि यंत्रं तसूभर हलू नयेत म्हणून खाली पक्की बैठक हवी. साहेबाचे ओटे म्हणजे ती बैठक.

त्यांचं मुख्य यंत्र होतं लोलक लावलेला कॅमेरा. त्याची गंमत बघा. एरवी वर्णपटासाठी बारीक फट लागते. खग्रास होण्याच्या क्षणी चंद्राच्या कडेबाहेर सूर्याच्या वातावरणाची, म्हणजे वर्णगोलाची, बारीकशी कोर उरते. ती कोरच फटीचं काम करते. मग काचेवर रेषांऐवजी एकेका रंगाच्या कोरी उमटतात, कोर जितकी लांब तितका तो वायू सूर्याच्या पृष्ठापासून उंच. कुठलं द्रव्य किती उंचीवर, हे एका फोटोत कळतं.

लॉकयरला नेमकं हेच हवं होतं. त्याच्या त्या वर्धित रेषा वर्णगोलात दिसतात का आणि किती ठळक? त्या ठळक दिसल्या. विजयदुर्गाच्या काचांवर त्याने आपलं म्हणणं तपासलं आणि १९०१ साली पेडलर आणि चिशम-बॅटन यांच्यासह रॉयल सोसायटीच्या ग्रंथात त्याचा तपशीलवार अहवाल छापला. त्यात विजयदुर्गाचं नाव 'विझियाद्रुग' असं आहे. हेलियम तोपर्यंत तीन वर्षांपूर्वीच बाटलीत आला होता. तो शोधायला लॉकयर इथे आलाच नव्हता.

हेलियमने अणू उघडला

आता पुढचं जरा भराभर सांगतो, पण धागा सोडू नका. धागा हेलियमचा आहे.

रेडियमसारख्या द्रव्यांतून अल्फा कण बाहेर पडतात. ते काय असतात? मँचेस्टरला रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. काचकाम करणाऱ्या बाउमबाखने अशी नळी फुंकून दिली की तिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून पातळ. आत रेडियमपासून निघणारा वायू भरला, बाहेर दुसरी निर्वात नळी. अल्फा कण पातळ काच भेदून बाहेरच्या नळीत जमत राहिले. दोन दिवसांनी त्या नळीत वीज खेळवली आणि लोलकातून पाहिलं, तर आपली पिवळी डी-३ रेषा! सहा दिवसांत हेलियमच्या बाकीच्या ठळक रेषाही आल्या. म्हणजे अल्फा कण हाच हेलियमचा गाभा. युरेनियमच्या खनिजात हेलियम का सापडला त्याचंही उत्तर मिळालं. युरेनियमचे अणू फुटत होते आणि त्यांचे तुकडे दगडात अडकून राहिले होते.

त्याच प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी हे हेलियमचे तुकडे धातूच्या पातळ पत्र्यांवर मारले. बहुतेक आरपार गेले. पण सुमारे आठ हजारांत एखादा उलटा फिरला. १९११ साली रदरफोर्डने अर्थ लावला: अणूचं जवळपास सगळं वस्तुमान मधल्या अतिशय लहान केंद्रकात आहे, बाकी पोकळी. १९१९ मध्ये अल्फा कणांनीच नायट्रोजनचं केंद्रक फोडलं. १९३२ मध्ये बेरिलियमवर अल्फा कण मारूनच चॅडविकला न्यूट्रॉन मिळाला. सूर्यावर पिवळी रेषा म्हणून दिसलेलं द्रव्य अणू फोडायचा हातोडा झालं.

आता बोर. १९१३ साली त्याने सांगितलं की केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतो, आणि एका कक्षेतून दुसरीत उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. हायड्रोजनच्या रेषा त्याने गणिताने काढून दाखवल्या. पण कसोटी दुसरीकडेच होती. काही ताऱ्यांत आणि प्रयोगशाळेतल्या नळीतही हायड्रोजनच्या म्हणून समजल्या गेलेल्या विचित्र रेषा मिळत होत्या. बोर म्हणाला, त्या हायड्रोजनच्या नव्हेतच. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रकाचा भार दुप्पट, म्हणून रेषांचा आकडा दोन गुणिले दोन, चौपट.

यावर आक्षेप कोणी घेतला माहीत आहे? आल्फ्रेड फाउलरने. तोच, जो विजयदुर्गावर लॉकयरबरोबर होता. १९१२ मध्ये नळीतल्या त्या रेषा त्यानेच मोजल्या होत्या. तो म्हणाला, माझ्या मापनात प्रमाण चार येत नाही, ४.००१६ येतं. एवढासा फरक! पण माणूस वर्णरेषांत मुरलेला, फरक सोडायला तयार नाही. बोरने उत्तर दिलं. दोन बायका फुगडी घालतात तेव्हा एक जड आणि एक हलकी असली, तरी जडसुद्धा जागच्या जागी किंचित फिरतेच ना? तसं केंद्रकही किंचित फिरतं. हेलियमचं केंद्रक हायड्रोजनच्या चौपट जड, म्हणून ते कमी हलतं. (फुगडीची उपमा माझी, गणित बोरचं.) हा हिशेब धरला तर प्रमाण येतं ४.००१६३. फाउलरने मान्य केलं. बोरचा अणू इतक्या बारकाव्याला उतरला, म्हणून जगाने त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलं.

आणि लॉकयरच्या वर्धित रेषा? त्यांचा उलगडा आपल्या देशात झाला. १९२० साली कलकत्त्यात मेघनाद साहांनी दाखवलं की उष्णतेने अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, आणि किती अणूंचा सुटेल हे तापमान आणि दाब यांवरून गणिताने काढता येतं. वर्णगोलात वर दाब कमी, सुटलेला इलेक्ट्रॉन परत यायला सोबती कमी, म्हणून इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या रेषा तिथे ठळक. विजयदुर्गाच्या काचांवर ज्या कोरी ठळक उमटल्या होत्या त्या याच. अणू उष्णतेत फुटतो हे लॉकयरचं म्हणणं अर्धं खरं निघालं. काही तरी सुटतं हे खरं. पण त्याने समजल्याप्रमाणे मूलद्रव्य बदलत नाही, इलेक्ट्रॉन सुटतो, लोखंड लोखंडच राहतं. साहांचा तो निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. लॉकयर १६ ऑगस्ट १९२० ला वारला होता. दोन महिन्यांनी हुकलं. साहा त्यानंतर लंडनला गेले आणि त्यांनी काम केलं ते फाउलरच्याच प्रयोगशाळेत.

तेव्हा मंडळी, आपल्या ओट्यांवर काय घडलं? एका म्हाताऱ्या, हट्टी, अर्धवट बरोबर असलेल्या शास्त्रज्ञाने अणू फुटतो याचा पुरावा तिथे गोळा केला. त्याच्या शेजारी उभा असलेल्या तिशीच्या आतल्या सहकाऱ्याने पुढे बोरच्या अणूची परीक्षा घेतली आणि साहांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. जगात अशा जागा थोड्या असतील.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: अणू तर कणादाने आधीच सांगितला होता. मग श्रेय परदेशी लोकांनाच का?

उत्तर: कणादाचं श्रेय कणादाला आहेच. पदार्थ तोडत गेलं तर कुठे तरी थांबावं लागेल, हा वैशेषिकांचा युक्तिवाद मोठा आहे, आणि 'परमाणू' हा शब्द आपण अजून वापरतो. पण तो युक्तिवाद आहे, मोजमाप नाही. डाल्टनने वजन मोजलं, किर्खहोफने रेषा मोजल्या, रदरफोर्डने उलटे फिरलेले कण मोजले. आणि एक गंमत, परमाणू अभंग आहे असंच वैशेषिकांनी मानलं होतं, डाल्टननेही. दोघांनाही पुढच्यांनी दुरुस्त केलं. दुरुस्ती म्हणजे अपमान नव्हे.

प्रश्न: हेलियम दिसायला १८६८ ला ग्रहणच का लागलं? सूर्याच्या रोजच्या उजेडातल्या काळ्या रेषांत तो का नाही सापडला?

उत्तर: छान प्रश्न. हेलियमचे इलेक्ट्रॉन फार घट्ट धरलेले असतात. एक इलेक्ट्रॉन काढायला हेलियमला जितकी ऊर्जा लागते तितकी कुठल्याच दुसऱ्या मूलद्रव्याला लागत नाही. त्यांना डी-३ रेषेसाठी तयार करायलाही खूप ऊर्जा लागते. सूर्याच्या पृष्ठावरचं तापमान त्याला पुरत नाही, म्हणून नेहमीच्या काळ्या रेषांत ती ठळक नसते. वरच्या तप्त वर्णगोलात आणि ज्वालांत ती चमकते, आणि तो भाग तेव्हा फक्त ग्रहणात दिसत असे.

प्रश्न: (देवगडकडचे एक ज्येष्ठ श्रोते) म्हणजे सर, इतकी वर्सां आमी पोरांका खोटा सांगत इलंव? आता अठरा ऑगस्टचो कार्यक्रम बंद करूचो काय?

उत्तर: बंद कशाला, काका? १८६८ चा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला, पिवळी रेषा जमखंडीला दिसली, तेव्हा १८ ऑगस्ट पाळायचा आपल्याला हक्क आहे. फक्त मुलांना दोन ग्रहणं सांगा. १८६८ चं आणि १८९८ चं. आणि जमलं तर २२ जानेवारीलाही किल्ल्यावर जा. हवा चांगली असते, आभाळ स्वच्छ असतं, ऑगस्टातल्यासारखं पावसात भिजावं लागत नाही. एक साधा लोलक न्या, मिठाची चिमूट न्या. ओट्यावर बसून मुलांना पिवळी रेषा दाखवा. आणि जो फलक लिहाल त्यावर एवढंच लिहा: 'इथे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात सर नॉर्मन लॉकयर आणि आल्फ्रेड फाउलर यांनी सूर्याच्या वर्णगोलाचे फोटो घेतले. अणू फुटतो का, हे त्यांना पाहायचं होतं.' ते वाचून एखादं पोर विचारेल, मग फुटला का? तिथून पुढचं तुम्ही सांगा.